पोटातल्या बाळाचा हिशोब : होणाऱ्या बाबांसाठी, पहिल्या दिवसापासून

टेस्टवर दोन रेघा उमटेपर्यंत तिच्या अंगात बरंच काही सुरू झालेलं असतं. मळमळ, दिवसाढवळ्या झोप, फोडणीचा वास आला की उठून जाणं. आपल्या अंगात काहीच होत नाही. आपण नेहमीसारखे गाडी काढून कामाला जातो आणि सिग्नलला उभं असताना एकदम आठवतं, अरे, आपण बाप होणार आहोत! पण आत नेमकं चाललंय काय, हे आपल्याला कुणी बसवून सांगत नाही. डॉक्टरांसमोर खुर्चीही बहुतेक एकच असते, ती पेशंटची.

मी तेव्हा एक शंभर पानी वही केली होती. मुलगी आता चार वर्षांची झाली, वही अजून कपाटात आहे आणि मित्रांत कुणाकडे गोड बातमी आली की ती मागून नेली जाते. त्या वहीवरूनच हे लिहितोय. मला उशिरा कळलेली एक गोष्ट आधीच सांगतो. बाळाची खबर बापाला थेट कधीच मिळत नाही. थोडी रिपोर्टातून येते, थोडी मशीनमधून, आणि बाकी सगळी तिच्या तोंडून. मोबाइलच्या ॲपमध्ये गोलमटोल बाळ बघत बसायचं आणि शेजारी उशीला टेकून बसलेल्या बायकोला आज कसं वाटतंय हे विचारायचं नाही, असा उलटा कारभार मी पहिले दोन महिने केला.

१. आधी तारीख पक्की करा

गरोदरपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ प्रत्यक्षात राहतो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह येते तेव्हाच डॉक्टर 'पाच आठवडे झालेत' म्हणतात आणि नवरा मनातल्या मनात कॅलेंडर उलटं मोजायला लागतो. घाबरू नका, सगळ्यांचं असंच मोजतात. पाच आठवड्यांच्या गरोदरपणात गर्भाचं वय तीनच आठवडे असतं.

पूर्ण मुदत ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. घरच्या घरी तारीख काढायची तर पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा. पाळी १० जानेवारीला आली असेल, तर तारीख १७ ऑक्टोबर. आपल्याकडे आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणायच्या. हिशोब करून बघा, डॉक्टरांच्या गणितापासून ते दोनच दिवस लांब आहे.

हे गणित २८ दिवसांची नियमित पाळी धरून केलेलं असतं, आणि तिथेच आमची गाडी अडली. पाळीच्या तारखेनुसार सात आठवडे झाले म्हणून आम्ही पहिल्या सोनोग्राफीला गेलो. पिशवी दिसली, ठोके दिसले नाहीत. "दहा दिवसांनी परत या," एवढं सांगून पुढच्या पेशंटला हाक गेली. ते दहा दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. झालं होतं एवढंच, की हिची पाळी नेहमी ३५-३६ दिवसांनी यायची, म्हणजे गर्भ मुळात आठवडाभर उशिरा राहिलेला. हे आम्ही सांगितलं नाही, तिथे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं.

तेव्हा पहिल्याच भेटीत पाळी किती दिवसांनी येते ते आपणहून सांगा. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात, रिपोर्टात तिला सीआरएल म्हटलेलं असतं. वय ठरवायला याहून भरवशाचं माप नाही. त्यावरून डॉक्टरांनी तारीख बदलली, तर बदललेलीच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि नंतर ती हलवू नका. पुढे सातव्या महिन्याच्या रिपोर्टवर मशीन स्वतःची वेगळी तारीख छापतं, कारण ते बाळाच्या आकारावरून वय काढतं. बाळ जरा बारीक असेल तर ती तारीख पुढे सरकलेली दिसते. त्याचा अर्थ बाळंतपण लांबलं असा नसतो.

महिन्यांचा घोळ वेगळाच. सासूबाई म्हणतात सहावा लागला, आई म्हणते पाच भरले, डॉक्टर म्हणतात बावीस आठवडे. तिघीही बरोबर असतात. वहीत मात्र आठवडे आणि दिवसच लिहा, २२+३ असे. दवाखान्यात तीच भाषा चालते.

२. वही आणि फाइल

वहीत फार काही नको. तारीख, आठवडे, तिचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, डॉक्टर काय म्हणाले, पुढच्या वेळी काय विचारायचं. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. आत गेल्यावर दोघंही सगळं विसरतात आणि लिफ्टमध्ये आल्यावर आठवतं.

सोनोग्राफीचे ते काळे-पांढरे फोटो बहुधा थर्मल कागदावर असतात, फ्रिजवर लावले की वर्षभरात उडतात. त्याच दिवशी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मूळ कागद उन्हात ठेवू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका, उष्णतेने अख्खा काळा पडतो. हे मी करून बघितलंय.

खाजगी दवाखान्यात जाणार असलात तरी बारा आठवड्यांच्या आत सरकारी नोंदणी करून घ्या, गावात आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात, शहरात महापालिकेच्या दवाखान्यात. माता बाल संरक्षण कार्ड मिळतं. पहिल्या बाळासाठीच्या मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळायलाही ही नोंदणी लागते. पैशांची ओढाताण असेल तर लक्षात ठेवा, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे चालू आहे.

३. पहिले तीन महिने : दिसत काही नाही, घडतं सगळं

ॲप तुम्हाला दर आठवड्याला एक फळ दाखवेल, त्यातली निम्मी आपल्या मंडईत मिळत नाहीत. आपली मापं घ्या. सातव्या आठवड्यात चवळीचा दाणा, बाराव्यात लिंबू. विसाव्या आठवड्यात ॲपमधलं बाळ एका आठवड्यात एकदम दहा सेंटिमीटरने वाढलेलं दिसतं, तेव्हा चमकू नका. तोवर लांबी बुडापर्यंत मोजत होते, आता टाचेपर्यंत मोजतात, एवढाच फरक.

या चवळी-लिंबाच्या काळात बाळाचं जवळजवळ सगळं घडून जातं. मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून होतो ती नळी सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते. फॉलिक ॲसिडची गोळी म्हणून तर इतकी लवकर, जमलं तर गर्भ राहण्याआधीपासून देतात. हृदय सहाव्या आठवड्यात धडधडू लागतं. बारा आठवड्यांपर्यंत हात-पाय, बोटं, मूत्रपिंडं आपापल्या जागी आलेली असतात. पुढचे सहा महिने मुख्यतः वाढण्याचे आणि पक्कं होण्याचे.

यात बापाचं काम काय? पहिलं, तुमचा रक्तगट. तिचा निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं आणि तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायची भीती असते. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत देतात. शाळेच्या दाखल्यावर लिहिलेला रक्तगट सांगू नका, तपासून घ्या. दुसरं, थॅलेसिमिया आणि सिकलसेल, हे आईबापांकडून येणारे रक्ताचे आजार. तिच्या तपासणीत ती वाहक निघाली, तर तुमची तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भात, नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, तिकडची मुळं असतील तर 'आमच्यात नाही असलं काही' म्हणून टाळू नका. तिसरं, सिगारेट. गच्चीवर ओढून आलात तरी कपड्यांना वास येतोच, आणि त्या दिवसांत तिचं नाक पोलिसांच्या कुत्र्याला हरवतं.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही जुनी रीत. तिच्यामागे कारण आहे. कळून आलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात साधारण दहा ते वीस गर्भ टिकत नाहीत, आणि त्यातले बहुतेक याच काळात जातात. बऱ्याचदा कारण गर्भातल्या गुणसूत्रांचा दोष हेच असतं. तिने जिना चढला, पपई खाल्ली, कुणाची नजर लागली म्हणून ते होत नाही. असं घडलंच, तर नातेवाइकांच्या चौकशा अंगावर घेणं हे तुमचं काम. आणि एकाही जवळच्या माणसाला ठाऊक नसेल, तर त्या दिवशी डबा कोण आणणार? एकदोघांना सांगून ठेवलेलं बरं.

४. सोनोग्राफी : कोणती, कधी, काय वाचायचं

पहिली ठोक्यांची आणि तारखेची. दुसरी एनटी स्कॅन, ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होते. मानेमागच्या द्रवाची जाडी मोजतात आणि सोबत डबल मार्कर ही रक्ततपासणी करतात. ही खिडकी चुकली तर परत उघडत नाही, म्हणून तारीख आधीच घेऊन ठेवा. बाळात गुणसूत्रांचा दोष असायची शक्यता किती, एवढंच यातून कळतं, ते निदान नव्हे. 'हाय रिस्क' आलं तर पुढची पक्की तपासणी असते, तोवर इंटरनेटवर रात्र काढू नका.

तिसरी १८ ते २० आठवड्यांची, ॲनॉमली स्कॅन. ही सगळ्यांत सविस्तर. हृदयाचे चार कप्पे, मेंदू, ओठ, कणा, मूत्रपिंडं, एकेक अवयव बघतात. पाऊण तास लागतो, बाळ पालथं असेल तर 'जरा फिरून या, काहीतरी गोड खाऊन या' म्हणतात. ही लांबणीवर टाकू नका, कारण गर्भपाताच्या कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती. बाळात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने निर्णय घेता येतो, त्यापुढे प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. बाविसाव्या आठवड्यात स्कॅन केलं तर विचार करायला, दुसरं मत घ्यायला दिवसच उरत नाहीत.

त्यानंतर वाढ बघायला २८ ते ३२ आठवड्यांत एक आणि ३६ च्या आसपास एक ग्रोथ स्कॅन सांगतात.

आता रिपोर्ट. बीपीडी आणि एचसी ही डोक्याची मापं, एसी पोटाचा घेर, एफएल मांडीचं हाड. बाळाला पोषण कमी पडत असेल तर आधी पोटाचा घेर मागे पडतो, म्हणून आमच्या डॉक्टरांची नजर तिथे आधी जायची. ईएफडब्ल्यू म्हणजे अंदाजे वजन, आणि ते खरंच अंदाजे. दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे सहज होतं, म्हणजे अडीच किलो लिहिलंय ते बाळ सव्वादोनचंही असेल नाहीतर पावणेतीनचंही. एका आकड्याला फार अर्थ नसतो. दोन स्कॅनमध्ये बाळ आपल्या रेषेवर वाढतंय का, ते विचारा. एफएचआर म्हणजे ठोके, मिनिटाला ११० ते १६०. एएफआय म्हणजे बाळाभोवतीचं पाणी, साधारण ५ ते २५ सेंटिमीटरच्या मध्ये असावं. विसाव्या आठवड्यात 'वार (बाळाला पोषण पुरवणारी प्लॅसेंटा) खाली आहे' असं लिहिलं असेल तर बहुतेकदा गर्भपिशवी वाढते तशी ती वर सरकते, पण ३२ नंतर परत बघून घ्यावं लागतं. नाळेचा वेढा लिहिलेला असतो तोही बऱ्याच बाळांना असतो आणि पुष्कळदा आपोआप सुटतो. मी या एका ओळीवर आठवडाभर झोपलो नव्हतो.

माझी पहिली नीट आठवण ॲनॉमली स्कॅनची आहे. अंधारी खोली, एसीचा गारठा, हिच्या पोटावर थंडगार जेली, आणि भिंतीवर ती पाटी: इथे गर्भलिंग तपासणी होत नाही, तो गुन्हा आहे. डॉक्टरांनी प्रोब सरकवला आणि पडद्यावर एक तळवा आला. पाच बोटं, उघडून मिटलेली. मग कणा, मोत्यांच्या सरासारखा. मी उभ्या उभ्या टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती, ते हिने नंतर सांगितलं.

मुलगा की मुलगी, हे विचारू नका. आडून नको, खुणेने नको, 'डॉक्टर, पेढे की बर्फी' असं हसत हसत तर नकोच. महाराष्ट्राने यावर देशात पहिला कायदा १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ चा. तपासणी करून मागणाऱ्या नवऱ्याला आणि नातेवाइकांनाही यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोनोग्राफीआधी 'एफ' फॉर्म भरून घेतात, त्यात लिंग जाणून घ्यायचं नाही असं तिच्या सहीचं निवेदन असतं. बरीच केंद्रं आत मोबाइल नेऊ देत नाहीत, वाद घालू नका. परदेशातला भाऊ त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं फोनवर सांगेल तेव्हा वाटेल, आपल्यालाच का नाही. उत्तर आपल्या जनगणनेच्या तक्त्यांत आहे.

५. पहिली हालचाल

पहिलटकरणीला हालचाल जाणवते ती १८ ते २० आठवड्यांत, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. वार पुढच्या बाजूला असेल तर उशी मध्ये ठेवल्यासारखं होतं आणि आणखी उशीर लागतो. सुरुवातीला ती लाथ नसतेच. आमच्याकडे पहिल्या हालचालीचं खापर आदल्या रात्रीच्या मिसळीवर फुटलं होतं. "गॅस झालाय रे," ही म्हणाली, आणि ओवा खाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत. तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापताना हात तसाच ठेवून थांबली आणि म्हणाली, "हा गॅस नाहीये."

बाहेरून आपल्या हाताला लागायला त्यानंतरही तीन-चार आठवडे जातात, कधी जास्त. ती 'ये लवकर' म्हणते, आपण धावत जाऊन हात ठेवतो, आणि बाळ गप्प. हे पंधरा वेळा होतं. रात्री ती आडवी झाल्यावर, जेवणानंतर, तळवा सपाट आणि हलका ठेवून दहा मिनिटं गप्प बसा. दाबू नका, टिचक्या मारू नका. माझ्या हाताला पहिली लाथ लागली ती २४+१ ला. पाण्यात बुडवलेल्या हातावर मासोळी आपटावी तशी.

सातव्या महिन्यात आणखी एक गंमत. पोट ठरावीक तालात उडत राहतं, दोन-तीन मिनिटं. ती बाळाची उचकी.

२८ आठवड्यांपासून हालचालींकडे रोज लक्ष हवं. मोजायची सोपी रीत अशी: जेवण झाल्यावर तिने डाव्या कुशीवर पडायचं, दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासातच होतात. मोजायचं काम तुम्ही घ्या, तिने 'हं' म्हणायचं आणि तुम्ही वहीत रेघ मारायची. प्रत्येक बाळाची आपली एक चाल असते, ती पंधरा दिवसांत कळते. ती चाल मंदावली तर 'सकाळी बघू' म्हणू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. शेवटच्या महिन्यात जागा कमी होते म्हणून बाळ कमी हलतं, हे सर्रास सांगितलं जातं आणि ते चूक आहे. लाथांची तऱ्हा बदलते, वळवळ वाढते, पण हालचाल कमी व्हायला नको. घरी ठोके ऐकायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, त्याच्या भरवशावर तर अजिबात थांबू नका. आईची नाडी लागते आणि आपण बाळाची समजून निर्धास्त होतो.

६. त्याच्याशी बोलायचं तर

२५-२६ आठवड्यांच्या पुढे बाळ बाहेरच्या आवाजाला दाद देतं. पोटातून जाडे, खर्जातले आवाज चांगले पोचतात, आणि आईचा आवाज तर तिच्या हाडामांसातून जातो. जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं हे प्रयोगांत दिसून आलंय. बापाच्या आवाजाचं तसं ठामपणे म्हणता येत नाही, तरी बोला. मी रोज ऑफिसातून आल्यावर पाच मिनिटं बसच्या गर्दीचं रडगाणं ऐकवायचो. पोटाला हेडफोन लावायची मात्र गरज नाही.

गर्भसंस्काराचे वर्ग हजारोंच्या फीने चालतात. तिला तिथे जाऊन बरं वाटत असेल तर जरूर जा. सुभद्रेच्या पोटातल्या अभिमन्यूची गोष्ट सगळेच सांगतात, पण ती झोपली म्हणून बाळाची अर्धी विद्या राहिली, असा दोष त्या दमलेल्या बाईवर कशाला? गरोदर बाईला झोप येते, झोपू द्या.

७. मधले महिने, थोडक्यात

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं होतं, ते ठीक. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि परत २४ ते २८ आठवड्यांत: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ते गोड पाणी प्यायल्यावर बसून राहायचं असतं, तेव्हा सोबत जा. धनुर्वाताची इंजेक्शनं डॉक्टर सांगतील तशी. ग्रहणात तिला अंधाऱ्या खोलीत बसवायचा बेत घरात निघाला, तर सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कुणीच बघायचं नाही एवढं सांगा आणि तिला वेळेवर जेवू द्या.

८. ती माहेरी गेल्यावर

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, फुलांची वाडी भरली, आणि ही कराडजवळ तिच्या माहेरी गेली. पुण्यातल्या घरात मी आणि वही. बाळाचा माग ठेवणं इथे खरं अवघड होतं, कारण खबर आणणारं माणूसच लांब.

जाण्याआधी एवढं करा. फाइलच्या झेरॉक्सचा एक पूर्ण संच तिच्यासोबत, दुसरा तुमच्याकडे. तिकडच्या डॉक्टरांना आठव्या महिन्याच्या आत एकदा दाखवून नाव नोंदवा, आयत्या वेळी कळा सुरू झाल्यावर नवीन दवाखान्यात जायची वेळ नको. तिथे सिझरची सोय आहे का, भूल देणारे डॉक्टर रात्री येतात का, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग किती अंतरावर आहे, रक्तपेढी कुठे, हे तुम्ही स्वतः जाऊन विचारा. सासऱ्यांना संकोच वाटतो. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला, शेजाऱ्यांच्यासुद्धा.

रोजच्या फोनचं एक शिकलो. मी सुरुवातीला 'बाळ काय म्हणतंय, किती हललं' इथूनच सुरू करायचो. एके दिवशी ही म्हणाली, "मला पण विचार कधीतरी, मी डबी नाहीये." त्यानंतर पहिला प्रश्न बदलला. आणि गंमत बघा, मग बाळाची माहितीही जास्त कळू लागली. पायावर सूज वाढलीये, दोन दिवस डोकं दुखतंय, हे तिने अशाच एका इकडच्या-तिकडच्या गप्पांत सांगितलं. बीपी तपासलं तर १४० च्या वर होतं. वेळेवर औषध सुरू झालं.

म्हणून ही यादी फ्रिजवर लावा, दोन्ही घरी: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्या-हातांवर एकदम सूज, बरगडीखाली दुखणं, ताप, बाळ कमी हलणं, तळहात-तळपायांना रात्रभर खाज. यातलं एकही झालं तर फोनवर सल्ला मागत बसू नका, गाडी काढा. सदतीस आठवड्यांआधी ठरावीक वेळाने पोट कडक होऊ लागलं, तरीही. वेळेआधी बाळंतपण होईल असं वाटलं, तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देतात, आणि ती लागू पडायला वेळ हाताशी लागतो.

९. शेवटचे आठवडे

२८ आठवड्यांचं बाळ साधारण किलोभराचं, म्हणजे साखरेची एक पिशवी. तिथून पुढे चरबी भरते, सुरकुत्या जातात, डोळे उघडमीट करतात. ३६ च्या आसपास बहुतेक बाळं डोकं खाली करतात. पायाळू राहिलं तर डॉक्टर पुढचं ठरवतील. जन्मताना आपल्याकडची बाळं सरासरी पावणेतीन-तीन किलोंची असतात, अडीचच्या खाली असेल तर कमी वजनाचं धरतात. परदेशी ॲपमधल्या साडेतीन किलोंशी तुलना करून सासूबाईंना तुपाचे डबे पाठवू नका.

आणि तारीख म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल नव्हे. बरोबर त्या दिवशी शंभरात चार-पाच बाळंच येतात. ३७ पूर्ण झाल्यापासून पिशवी भरून दाराशी ठेवा: फाइल, आधार, रक्तगटाचा कागद, जुने मऊ सुती कपडे, सुट्टे पैसे, चार्जर. रजेचं साहेबांशी आधीच बोलून ठेवा. केंद्र सरकारच्या नोकरांना पितृत्वाची १५ दिवस रजा आहे, खाजगीत ज्याची त्याची पॉलिसी. चाळीस उलटले तरी रोज हालचाल मोजणं चालू ठेवा आणि डॉक्टरांकडे तपासणीला जाताना वही न्या.

आमच्या वहीत शेवटची नोंद ३९+२ ची आहे. पहाटे पुण्याहून निघालो तेव्हा कळा सुरू होत्या, खंबाटकी उतरलो तेव्हा सासऱ्यांचा फोन आला. मुलगी, दोन किलो नऊशे. तेव्हा तिच्या डोक्यावर अंगारा लावायला आजी पुढे सरसावली होती, असं म्हणे.

पोचल्यावर वहीत हे लिहून घ्या: जन्मवेळ, वजन, बाळाचा रक्तगट, बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीचे पहिले डोस आणि व्हिटॅमिन के कधी दिलं, पहिलं दूध पहिल्या तासात पाजलं का, पहिली शी-शू कधी झाली. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखाना पाठवतो, पण अर्ज तुमच्यासमोर भरतील तेव्हा वाचून घ्या. बाळाचं नाव नंतर घालता येतं, तो रकाना मोकळा राहिला तरी चालेल. दोघांची नावं मात्र आधारवर आहेत त्याच स्पेलिंगने लिहा. माझ्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करायला जन्मनोंदणीच्या कार्यालयात चार खेपा झाल्या, आणि चारही वेळा बाळ कडेवर होतं.